सारजामायने सोडलेली चिलीम

सारजामायने चिलीम चार वेळा सोडली. पहिल्या तीन वेळी तिने ते वखारीतल्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं होतं. चौथ्या वेळी ‘सोडली’ हा शब्द तिने उच्चारलाच नाही, आणि त्यामुळे ती खरोखर सुटली आहे हे आम्हाला कळायलाही बरेच दिवस लागले.

मी अमरावतीला आलो तो कापसाच्या तेजीच्या दिवसांत. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढी मागणी आली होती. अंजनगाव सुर्जीकडून, दर्यापुराकडून गाड्यांच्या रांगा दिवसभर गावात शिरत. पुण्याकडच्या माझ्यासारख्या, चार अक्षरं वळणदार काढता येणाऱ्या तरुणालाही तिथे काम होतं. दाबून बांधलेल्या गाठींच्या गोणपाटावर काजळीच्या शाईने मालकाचा मार्का काढायचा, एवढंच ते काम. एक कुंचला, एक डबा आणि दिवसभर तीच तीन अक्षरं.

आमच्या शेठजींच्या वखारीत एका लांब पडवीत रेचे मांडलेले असत. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचं हातयंत्र. दोन रूळ, एक मूठ. बाई मूठ फिरवते, कापूस रुळांत जातो, पलीकडे रुई पडते आणि अलीकडे सरकी. अशा पंचवीसेक रेच्यांवर बायका बसत. त्यांची मुकादमीण सारजामाय.

बाई उंच, हाडापेराने भक्कम, पन्नाशीच्या अलीकडची. हातांवर कोपरापर्यंत गोंदण. आवाज घोगरा आणि एवढा मोठा, की पंचवीस रेच्यांच्या करकरीतही तो पडवीच्या दुसऱ्या टोकाला पोचे. तिचं हसू मात्र शेवटपर्यंत कधी जात नसे. ती हसायला लागली की मध्येच त्याचा खोकला होई, आणि खोकला संपेपर्यंत कशाला हसलो ते सगळे विसरून जात.

पहिल्या दिवशी मी फाटकाशी आलो तेव्हा ती बाहेरच्या कडुलिंबाखाली, विहिरीच्या काठाशी उकिडवी बसली होती. दोन्ही हातांच्या ओंजळीत चिलीम, डोळे मिटलेले, आणि नाकातोंडातून धूर. बाईने चिलीम ओढलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मी उभा राहून बघतच राहिलो. मग मलाच अवघडल्यासारखं झालं आणि सवयीने कमरेची डबी काढून मी चिमूटभर तपकीर नाकात ओढली. तिने डोळे उघडले.

“महाराज,” ती म्हणाली, “तुमी नाकानं ओढता, मी तोंडानं ओढतो. मंग मले असे कावून पाहून राह्यले?”

वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘ओढतो’, ‘जातो’ असंच म्हणतात. त्या बोलण्याला माझे पुणेरी कान सरावले नव्हते. ती मला रागावते आहे असंच वाटलं. ती रागावली नव्हती. तिने बसायला जागा करून दिली होती.

तिला ही सवय कशी लागली ते तिने मला पुढे सांगितलं. अंजनगावजवळच्या एका खेड्यात तिच्या नवऱ्याची काळीभोर जमीन होती. नवरा औत हाकता हाकता ‘भरून दे’ म्हणायचा, ही बांधावर बसून चिलीम भरायची. चिलीम पेटती व्हायला दोन-चार झुरके ओढावेच लागतात. ते तिने ओढायचे आणि मग चिलीम नवऱ्याच्या हातात द्यायची. दोन-चाराचे पाच-सहा कधी झाले ते कळलं नाही. नवरा तापाने गेला. जमीन दिरांकडे राहिली. तिच्याकडे एक मुलगी राहिली आणि ही चिलीम. मुलगी तिने अकोल्याला दिली. चिलीम कुणाला देता येण्यासारखी नव्हती.

एवढी ओढणारी बाई, पण विस्तवाच्या बाबतीत तिच्याइतकं कडक वखारीत कुणी नव्हतं. रुईला ठिणगी लागली तर काय होतं हे तिने एकदा दुसऱ्या गावी पाहिलं होतं. सकाळी फाटकाशी ती प्रत्येक बाईचा ओचा झाडून घ्यायची, शिदोरीची गाठोडी उघडायला लावायची. चकमक, गारगोटी, कापूर, काही आत जाऊ द्यायची नाही. स्वतःची चिलीम आणि चकमक ती चौकीदाराच्या कोनाड्यात ठेवायची आणि ओढायला दर वेळी बाहेर कडुलिंबाखाली जायची.

एकदा मुंबईहून माल पाहायला आलेला एक बडा पाहुणा तोंडात चिरूट घेऊन शेठजींबरोबर आत शिरला. सारजामाय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने पाण्याचं मडकं पुढे केलं. पाहुण्याने शेठजींकडे पाहिलं. शेठजी कडुलिंबाकडे पाहू लागले. शेवटी पाहुण्याने चिरूट मडक्यात टाकला. दुपारी झाडाखाली ती मला हळहळत म्हणाली की, महाराज, मालूम असतं तर अर्धा तरी वाचवला असता, कसा लागते ते पायलं असतं.

पहिल्यांदा तिने चिलीम सोडली ती खोकल्यामुळे. त्या पावसाळ्यात डोक्यावर रुईचं गाठोडं घेऊन पडवीच्या तीन पायऱ्या चढताना तिला मध्ये थांबावं लागलं. वैद्याने सांगितलं की हे धुराचं दुखणं आहे, धूर बंद कर. घटस्थापनेच्या दिवशी ती अंबादेवीला गेली, ओटी भरली आणि देवीसमोर शब्द देऊन आली. वखारीत येऊन सगळ्यांना तसं सांगितलंही.

ते नऊ दिवस आम्ही सगळ्यांनीच भोगले. रुईत सरकीचा एक दाणा दिसला तरी ती रेचा थांबवायची. एका बाईला तिने पाणी प्यायला उठली म्हणून रडवलं. सातव्या दिवशी दोघी-तिघी माझ्याकडे येऊन म्हणाल्या की महाराज, तुमी वाचनारे मानसं, देवीची माफी मागायचा काई मंत्र असला तर पाहा. मंत्राची गरज पडली नाही. दसऱ्याच्या दुपारी आपट्याची पानं वाटून झाल्यावर सारजामाय कडुलिंबाखाली बसलेली दिसली, ओंजळीत चिलीम. मी जवळ गेलो तेव्हा तिने मान वर केली नाही. देवीला आपण नवरात्राचंच बोललो होतो, असं तिने मला समजावून दिलं. दसरा त्यात धरलेला नव्हता.

दुसऱ्या वेळी तिने देवीला मध्ये घातलं नाही, मला घातलं. एका सकाळी तिने चिलीम, चकमक आणि चिलमीला गुंडाळायची साफी, तिन्ही फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवल्या, सोडली म्हणून पडवीभर ऐकू जाईल असं सांगितलं आणि त्या माझ्या शाईच्या पेटीत कुलूपबंद करायला लावल्या. आपण स्वतः येऊन काहीही म्हटलं तरी चिलीम द्यायची नाही, असं तिने बजावलं. मी कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

तीन दिवस ती पेटीकडे फिरकली नाही. चौथ्या दिवशी दुपारी आली आणि समोर मांडी घालून बसली. लेकीला चिठ्ठी लिहायची आहे म्हणाली. मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. इकडे सारं बरं आहे, खोकला कमी आहे, आणि तुझ्या आईने चिलीम सोडली आहे. हे शेवटचं वाक्य तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग थोडा वेळ ती पेटीच्या कुलपाकडे पाहत बसली.

“चांगलं लिवलं,” ती म्हणाली. “आता थे पेटीतलं द्या.”

“आणि चिठ्ठी?”

“चिठ्ठी राहू द्या तुमच्यापाशी. परवा मी पुन्हा सोडतो, तवा पाठवा.”

मी नाही म्हणालो. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की तिने कुंभाराकडून नवी चिलीम आणली होती. ती मला म्हणाली की तुमी आपला शब्द पाळला, तुमचा काई दोष नाई. जुनी चिलीम माझ्या पेटीत तशीच राहिली, आणि चिठ्ठीही.

तिसरी वेळ अवघड होती. अकोल्याच्या लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं; माहेर असं काही उरलं नव्हतं म्हणून सारजामायच तिकडे निघाली. गाडीत चढताना तिने सगळ्यांसमोर नवी चिलीम विहिरीच्या दगडावर आपटून फोडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दीड महिन्याने ती परत आली. गाडीतून उतरली तशी ती आमच्याकडे न पाहता सरळ कडुलिंबाकडे गेली, आणि आम्हाला कळलं. त्या दिवशी तिने कुणाला काही सांगितलं नाही. आठवडाभराने, मी गाठींना मार्का लावत असताना, ती शेजारी येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. मुलगी झाली होती. इथून निघाल्यापासून बारशापर्यंत बावीस दिवस तिने तंबाखूला हात लावला नाही. बारशाच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे शेजारच्या एका म्हाताऱ्याची चिलीम तिने मागून घेतली. एक दिवस, मग दुसरा. लेकीने विचारलं नाही. पण एका दुपारी नात मांडीवर निजली असताना सारजामायला खोकल्याची उबळ आली. लेक उठली, तिने येऊन बाळ मांडीवरून उचललं आणि ते घेऊन ती आत गेली.

“बोलली काई नाई,” सारजामाय म्हणाली. “बोलली असती तर बरं झालं असतं.”

मला वाटलं होतं, आता ही सोडेल. मी तिला तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली की मलाही तसंच वाटलं होतं. त्या दिवशी तिने गोठ्यामागे जाऊन दोन चिलमी जास्त ओढल्या होत्या.

आग लागली ती पुढच्या चैत्रात.

कापसाची मागणी तेव्हा शिगेला पोचली होती. गाड्या इतक्या येत की त्या रिकाम्या करायला माणसं पुरत नसत. पडवीत जागा उरली नाही म्हणून रुईचे ढीग अंगणात, छपराखाली लावले होते. ऊन तापलं होतं आणि दुपारी वारा सुटे. त्या दिवशी सारजामाय कडुलिंबाखाली बसली असतानाच नव्या गाड्या आल्याची हाक आली. ती घाईने उठली, चिलीम विहिरीच्या कठड्यावर झाडली, कोनाड्यात ठेवली आणि आत आली. वाकून एका ढिगातली रुई तिने हातात घेऊन पाहिली आणि पुढे गेली.

थोड्या वेळाने तिनेच ओरडून सांगितलं. ढिगाच्या पायथ्याशी काळपट डाग पसरत होता आणि त्याच्या कडेने बारीक ज्वाळा धावत होती. रुईवरून आग पळते ती पाहण्यासारखी गोष्ट नाही. आवाज होत नाही, नुसतं पांढऱ्याचं काळं होत जातं. आम्ही पाणी आणायला धावलो तोवर सारजामायने पेटलेला भाग दोन्ही हातांनी कवेत घेऊन बाजूला मोकळ्या अंगणात ओढून काढला. मी माझं ओलं गोणपाट टाकलं. बायकांनी मडक्यांमागून मडकी रिकामी केली. सगळं किती वेळात झालं ते सांगता येत नाही. मी भानावर आलो तेव्हा अंगणात राखेचा चिखल होता, शेजारचे ढीग तसेच्या तसे होते आणि पंचवीसच्या पंचवीस बायका उभ्या होत्या. कुणीतरी त्या मोजल्या. दोनदा मोजल्या. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

सारजामायचा डावा तळवा आणि मनगट भाजलं होतं. तेवढंच.

मग झडती झाली. चौकीदाराला पारबतीच्या शिदोरीच्या गाठोड्यात चकमक सापडली. पारबती पंचविशीतली, गरीब स्वभावाची बाई; तिचा नवरा गाडीवान. त्याने सकाळी आपली चकमक तिच्या गाठोड्यात टाकली होती आणि ती घाईत झडतीतून सुटली होती. पारबतीने किती वेळा सांगितलं की मी गाठोडं सोडलंच नाही. शेठजींनी ऐकून घेतलं आणि उद्या सकाळी ठरवू म्हणाले. तोवर तिने आत यायचं नाही. ती फाटकाबाहेर जमिनीवर बसून रडत राहिली. तिला दोन लहान मुलं होती आणि नवऱ्यालाही शेठजींच्याच गाडीचं काम होतं.

मी सारजामायच्या हाताला कोरफडीचा गर लावून फडकं बांधत होतो. ती खाली बसलेली. तेव्हा मला तिच्या ओच्यात, निऱ्यांच्या घडीत, बोराएवढं एक भोक दिसलं. कडा जळून काळ्या झालेल्या. मी वर पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने तिने तो ओचा आत खोचला.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो. सकाळी शेठजींना सांगायचं असं मी ठरवत होतो आणि पुन्हा पुन्हा मोडत होतो. मी ते सांगितलं असतं की नाही, हे मला आजही खात्रीने म्हणता येत नाही. सारजामायने मला त्यातून सोडवलं.

सकाळी सगळे अंगणात जमले होते. पारबती नवऱ्याबरोबर फाटकाशी उभी होती. शेठजी बोलायला सुरुवात करणार तोच सारजामाय पुढे झाली. तिने तेच लुगडं नेसलं होतं. ओचा सोडून तिने तो चांगल्या हाताने समोर धरला, सगळ्यांना भोक दिसेल असा.

“शेठजी, पारबतीची चकमक थंडी होती,” ती म्हणाली. “आग माया लुगड्यातून गेली. चिलमीची ठिनगी ओच्यात पडली अन् मले समजलं नाई. काल समजलं, पन मी बोलली नाई. काल मले भेव वाटलं.”

शेठजी बराच वेळ त्या भोकाकडे पाहत होते. मग त्यांनी पारबतीला आत यायला सांगितलं. सारजामायला ते म्हणाले की मुकादमी आता तुझ्याकडे राहणार नाही. पण आगीत हात घालणारीही तूच होतीस. चिलीम कायमची सोडल्याचं सर्वांसमोर कबूल केलंस तर रेच्यावर बसायला माझी ना नाही.

आम्हाला हायसं वाटलं. एवढं तर ती कबूल करणारच होती. तीन वेळा केलंच होतं.

“थे कबूल करत नाई,” सारजामाय म्हणाली. “तीन खेप कबूल केलं अन् तीन खेप मोडलं. माया बोलन्यावर मायाच भरोसा नाई. तुमी असं करा. रोज सकाळी फाटकाशी माया तोंडाचा वास घ्या. वास आला का त्या दिशी घरी पाठवा.”

शेठजींनी चौकीदाराकडे पाहिलं. चौकीदार स्वतः दिवसभर हुक्का ओढणारा, त्याला कसला वास येणार. सारजामायने मान हलवली आणि पारबतीकडे बोट केलं.

“थे घेईन.”

तेव्हापासून रोज सकाळी फाटकाशी हा प्रकार सुरू झाला. सारजामाय पारबतीसमोर उभी राहायची आणि तोंड उघडून श्वास सोडायची. पारबती वास घ्यायची, मान हलवायची आणि आत निघून जायची. पहिला महिनाभर ती सारजामायशी एक शब्द बोलली नाही. सारजामायनेही तिला बोलायला लावलं नाही. ती आपल्या रेच्याशी जाऊन बसायची आणि एका हाताने मूठ फिरवायची. नव्या मुकादमिणीने सांगितलेलं सगळं निमूट ऐकायची. पंचवीस बायकांना हुकूम सोडणारी बाई अशी निमूट बसलेली पाहून आम्हालाच चुकल्यासारखं होई.

चिलीम ओढायची वेळ झाली की ती उठायचीच. बाहेर कडुलिंबाखाली जायची, रिकाम्या हातांनी नेहमीच्या जागी बसायची, तेवढाच वेळ थांबायची आणि परत यायची. पदराला बांधलेले फुटाणे एकेक करून खायची. मी एकदा विचारलं की या वेळी कसं काय जमलं. ती म्हणाली की जमलं-बिमलं काही नाही.

“चिलीम धरायले दोन हात लागते, भाऊ. माया एकच होता.” ती मला महाराज सोडून भाऊ कधी म्हणायला लागली, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. “हात बरा होईपावतर वीस दिस गेले. मंग म्हटलं, आता आजचा दिस पाहू. उद्याचं उद्या.”

तिने ‘सोडली’ म्हणायचं टाळलं, आणि आम्हीही तो शब्द तिच्यासमोर कधी काढला नाही. आपण बोललो तर मोडेल असं सगळ्यांनाच वाटत असावं.

पावसाळा संपता संपता एका सकाळी पारबतीने नेहमीसारखा वास घेतला आणि ती तिथेच उभी राहिली. “माय, आता बस कर,” ती म्हणाली. “रोज मले तुया तोंडाचा भाकरी अन् लसनाचाच वास येते, अन् मले सकाळीच भूक लागते.” मागच्या बायका हसल्या. सारजामायही हसली. ती हसू लागली की पुढे खोकला येणार हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की आम्ही सगळेच जरा थांबलो. खोकला आला नाही. ती पोटभर हसली आणि डोळे पुसत आत गेली. मला त्या दिवशी तिचं हसणं पहिल्यांदा पूर्ण ऐकायला मिळालं.

तरी तिने वास घ्यायला लावणं सोडलं नाही. दिवाळीपर्यंत तो नेम चालला.

नव्या हंगामाचा कापूस आला तेव्हा एक दिवस तिने मला हाक मारून पडवीत बोलावलं. तिच्या हातात कापसाचं बोंड होतं. ते तिने नाकाशी धरलं होतं.

“भाऊ, कापसाले वास असते,” ती म्हणाली. “तुमाले मालूम होतं?”

मी बोंड नाकाशी नेलं. मला काही आलं नाही. तपकिरीने माझं नाक केव्हाच बधिर केलं होतं. मी तसं सांगितलं. ती मला समजावायला लागली. उन्हात वाळलेल्या मातीसारखा, पण त्यात थोडं सरकीच्या तेलाचं, असं काहीतरी. जन्म कापसात गेला, आणि तिला हे आताच कळत होतं. तिने पडवीतल्या दोन-चार बायकांना विचारलं, कापसाला वास असतो का. त्या म्हणाल्या, असतो तर. तुला ठाऊक नव्हतं?

पौषात ती अकोल्याला जाऊन आली. या वेळी जाताना तिने काही फोडलं नाही आणि कुणाला काही सांगितलंही नाही. परत आल्यावर मात्र गाडीतून उतरून ती सरळ माझ्याकडे आली. दारात लेक उभी होती म्हणाली. लेक पुढे आली आणि हातातलं गाठोडं घ्यायला वाकली, जरा जास्तच जवळ वाकली. सारजामायच्या लक्षात आलं की ही वास घेते आहे.

“मंग मी श्वास सोडला,” ती म्हणाली. “मोठा. मुद्दाम.”

लेकीने गाठोडं खाली ठेवलं, आत जाऊन नात आणली आणि ती आजीच्या कडेवर दिली. या वेळीही ती बोलली काही नाही. सारजामायला ते आवडलं होतं.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली आणि कापसाची तेजी जशी आली तशी ओसरली. वखारी रिकाम्या होऊ लागल्या. बायका आपापल्या गावी गेल्या. पारबती नवऱ्याबरोबर हिवरखेडला गेली. जाताना ती सारजामायच्या पाया पडली आणि सारजामायने तिला उठवून कवटाळलं, एवढं मला आठवतं. सारजामाय लेकीकडे अकोल्याला राहायला गेली. मी मात्र बरीच वर्षं अमरावतीतच राहिलो. एका वकिलाच्या कचेरीत कागद लिहायचं काम धरलं.

अकोल्याला आगगाडी सुरू झाल्यावर एकदा वकिलांच्या कामासाठी मला तिकडे जावं लागलं. काम सकाळीच आटोपलं, म्हणून मी चौकशी करत तिच्या लेकीचं घर शोधलं. गावाच्या कडेला, मोर्णा नदीच्या वरच्या अंगाला ते शेतकऱ्याचं घर होतं. ओट्यावर शेजारच्या चार म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि त्यांच्यात सारजामाय. केस पांढरे झाले होते, बाकी ती तशीच होती. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर तिने लेकीला पाणी आणायला हाक मारली, ती रस्त्यापर्यंत गेली असेल.

म्हाताऱ्यांमध्ये चिलीम फिरत होती. ती एकीच्या हातून दुसरीकडे आणि मग सारजामायकडे आली. मी नकळत बोलायचा थांबलो. सारजामायने चिलीम घेतली, निसटलेली साफी अंगठ्याने नीट बसवली आणि पलीकडच्या बाईच्या हातात दिली. माझ्याशी तिचं बोलणं त्यात कुठेही थांबलं नाही. ती मला माझ्या मुलांची नावं विचारत होती.

मग मीच विचारलं की आठवण येते का.

“रोज येते,” ती म्हणाली. “मी नाई म्हनत नाई. येते, बसते थोडी, अन् जाते.”

पाच-सहा वर्षांची नात तिच्या मांडीला टेकून उभी होती आणि नदीवर जायचा हट्ट करत होती. शेवटी सारजामाय उठली. नातीला तिने खांद्यावर बसवलं आणि मला म्हणाली, बसा, जेवून जा, आमी आता येतो. ती नदीच्या पायवाटेला लागली. जाताना ती नातीला कसलीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती, राजाची की कोल्ह्याची ते मला कळलं नाही. वाट पुढे टेकाडावर चढत होती. पन्नाशीपल्याडची बाई, खांद्यावर पोर, आणि दुपारचं ऊन. मी ओट्यावरून पाहत होतो. ती चढ चढली, टेकाडापलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. तिचा आवाज मात्र तिकडूनही बराच वेळ येत राहिला, एका सुरात, मध्ये कुठेही न थांबता.